हवा धरायची नाही

"काकू, हे शेगडीत घाला."

एवढं बोलून हवालदारांनी दोन वह्या, एक जाड पुस्तक आणि लाल शाईने भरलेला पेपर माझ्या परातीशेजारी ठेवला. कॉलेजच्या सहामाही परीक्षेतला मेकॅनिक्सचा पेपर होता. पन्नासपैकी चार मार्क. छत्तीस वर्षांचा, भरघोस मिशांचा, सोळा वर्षं तोफखान्यात काढलेला माणूस माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नवा कागद आहे, धूर फार करील," मी म्हटलं. "भाकऱ्यांना वास लागेल. आधी जेवून घ्या."

मला समजुतीचं बोलता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं.

ते येऊन बसले. पण बसण्याआधी बोट वर केलं नाही, आणि तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही. कारण त्यांची रोजची रीत अशी, की दारात यायचं, उजव्या हाताचं बोट जिभेला लावायचं, वर धरायचं, वारा कुठून आहे ते बघायचं, आणि शेगडीचा धूर जिकडे जात नसेल तिकडे पाट ओढून बसायचं. जेवायला येणारे बाकीचे हसायचे. पण धुराने डोळे चोळत बसायचे ते बाकीचेच. हवालदारांच्या डोळ्यांना धूर कधी लागला नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आयुष्यभर एकच गोष्ट जपून शिकलेली, आणि मग ती गोष्ट कुठे बाजूला ठेवायची हेच त्यांना कळत नाही.

झाशीत आमच्या घरी मी तेव्हा खाणावळ चालवायची. दोन्ही वेळेला दहा-बारा पानं. रेल्वेतले मराठी कारकून, बबिन्याच्या छावणीतून सुट्टीवर येणारे फौजी, ज्यांना ज्वारीच्या भाकरीची आठवण यायची ते सगळे. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा लांब होती म्हणून गेले नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. वाचता येतं, लिहिता येतं, आकडे येतात. मेकॅनिक्स येत नाही. तरी त्या वर्षी मेकॅनिक्स माझ्या दारच्या ओट्यावर जितकं शिकवलं गेलं तितकं कॉलेजात गेलं नसेल.

हवालदार मूळचे सातारकडचे. पेन्शनीत निघाल्यावर गावी गेले नाहीत. गावात भावांनी घर वाटून घेतलं होतं आणि यांच्या वाट्याला गोठ्याशेजारची एक खोली आली होती. तिथे त्यांची बायको राहायची. लग्नाला सोळा वर्षं झालेली. दर वर्षी दोन महिन्यांची रजा. त्यातली निम्मी पेरणीत जायची, पाहुण्यांत जायची. मूलबाळ नव्हतं. हवालदारांनी एकदा भाकरी मोडता मोडता मला सहज सांगितलं, "काकू, तिला काय आवडतं ते मला अजून नीट माहीत नाही. विचारलं की म्हणते, तुम्हाला जे आवडतं ते."

इथल्या एका कॉलेजात त्यांना नोकरी लागली. प्रयोगशाळेत सामान मांडायचं, काढायचं, पुसून ठेवायचं. नोकरी हंगामी होती. प्रिन्सिपल भले गृहस्थ. त्यांनी सांगितलं, "फौजेत इंटर पास केलंय ना तुम्ही? मग बी.एस्सी.चं पहिलं वर्ष द्या. पास झालात तर लॅब असिस्टंट म्हणून कायम करतो. नाही झालात तर सुट्टीनंतर दुसरा माणूस बघावा लागेल."

कायम झाले की बायकोला आणणार. आमच्याच गल्लीत एक खोली त्यांनी बघूनही ठेवली होती. रिकाम्या खोलीत बोट वर करून शेगडी कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवलं होतं. घरमालक जुलैपर्यंत थांबायला तयार होता. आणि पास झाले नाहीत तर? तर कुठल्या तरी लांबच्या शहरात गिरणीवर चौकीदार, आणि पुन्हा वर्षाला महिनाभर रजा. एवढा साधा हिशेब होता. त्यात मेकॅनिक्स आडवं आलं.

म्हणजे त्यांना येत नव्हतं असं नाही. तोच तर घोटाळा होता.

आमच्या शेजारी उषा राहायची. त्यांचं घराणं झाशीत कित्येक पिढ्यांचं. पूर्वज दरबारात लिहिणावळीला आले ते इथलेच झाले. उषाही त्याच वर्गात होती, अठरा वर्षांची, हुशार आणि तोंडाने फटकळ. तिचं मराठी अर्धं हिंदी. पेपर मिळाला त्या दुपारी ती आमच्याकडे आली, शेगडीजवळचा पेपर उचलला आणि वाचत सुटली.

"काका! तुम्ही फिर से हवा घातली!"

"हवा असतेच," हवालदार पानातून मान वर न करता म्हणाले.

"अहो, पण सवालात लिहिलंय, हवेचा विरोध धरायचा नाही."

"लिहिलं म्हणून हवा जाते का? गोळा सुटला की त्याला हवा लागते. सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. बारूद गरम असेल तर गोळा पुढे जातो. नळी झिजलेली असेल तर मागे पडतो. हे सगळं न धरता आकडा दिला असता ना, तर आमच्या साहेबाने मला उलटं टांगलं असतं. आपली पुढची माणसं मरतात, बाई, त्या आकड्याने."

मग मलाच म्हणाले, "काकू, हे म्हणतात गोळा हजार मीटर जाईल. मी लिहिलं, नाही जाणार. तर शून्य."

उषाने दुसरं पान उलटलं आणि खुदकन हसली. दोरीच्या प्रश्नात लिहिलं होतं की दोरीला वजन नाही असं समजा. त्याखाली हवालदारांच्या टपोऱ्या अक्षरात उत्तर होतं: 'सदर दोरी मी स्वतः वजन केली आहे. दोन किलो.'

हसू मलाही आलं. त्यांना आलं नाही.

चार दिवसांनी त्यांचे प्रोफेसर आमच्याकडे आले. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हवालदारांकडे राहिली होती. पंचविशीचा मुलगा, स्कूटरवरून उतरला आणि दारातच संकोचला. मी त्याला बसवून पिठलं-भाकरी वाढली. जेवता जेवता तो म्हणाला, "हवलदार जी, आपको सब आता है. बस सवाल का जवाब नहीं आता."

"साहब, जवाब गलत कैसे लिख दूँ?"

"गलत नहीं है. बस हवा को भूल जाइए."

"हम भूल जाएँगे साहब. हवा हमको नहीं भूलती."

प्रोफेसरने आणखी पिठलं मागून घेतलं. जाताना मला हळूच म्हणाला, "आंटी, इनको समझाइए. प्रैक्टिकल में मुझसे अच्छे हैं, कसम से." मी काय समजावणार? मी चौथी पास.

पुढचे तीन आठवडे वह्या माझ्याच फडताळात होत्या, डाळीच्या डब्यामागे. हवालदारांनी मागितल्या नाहीत, मी दिल्या नाहीत. गावाहून पत्र आलं. त्यांच्या बायकोला लिहिता येत नव्हतं, दिराच्या मुलीकडून लिहून घ्यायची. 'ट्रंक घासून ठेवली आहे. झाशीला थंडी किती असते?' पत्र वाचून त्यांनी खिशात घातलं आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या खायच्या त्या जागी एकच खाल्ली. मला अन्न टाकलेलं खपत नाही, तसं मी सांगितलंही. पण मनातून मला त्या प्रोफेसरचा, पुस्तकाचा आणि हवालदारांचा सगळ्यांचाच राग आला.

मग झालं ते असं. दुपारची पानं उठली होती. ओट्याच्या टोकाला गल्लीतल्या तीन चिमुरड्या भातुकली मांडून बसल्या होत्या. विटकरीच्या चुऱ्याचं तिखट, चिंचेच्या पाल्याची भाजी, पिंपळाच्या पानांच्या पोळ्या. त्यातल्या एकीने हवालदारांना हाक मारली, "फौजी चाचा, खाना खा लो!" हे जाऊन मांडी घालून बसले. करवंटीत वाढलेलं सगळं तोंडाजवळ नेलं, मचमच आवाज केला, बोटं चाटल्यासारखी केली. "वा! नमक एकदम बराबर है." मुलगी म्हणाली, "और लो." हे म्हणाले, "बस, पेट भर गया," आणि पोटावरून हात फिरवला.

मी भांडी घासत होते. तिथूनच म्हटलं, "हवालदार, पोट कसं भरलं हो? ते तर पिंपळाचं पान आहे."

"काकू, पोरी खेळताहेत."

"आणि मीठ कुठे होतं त्यात? तुम्ही तर खोटं बोलत नाही."

"अहो, खेळात खरं-खोटं काय?"

"मग तुमचा प्रोफेसरही खेळतोय. त्याची हवा नाही, त्याच्या दोरीला वजन नाही. पोरींची शेगडी पेटलेली नाही हे तुम्हाला चालतं, आणि त्या बिचाऱ्याची हवा नाही ते चालत नाही. तो वाढतोय तर गुमान जेवा आणि ढेकर द्या."

हे मी शहाणपणाने बोलले असं कुणी समजू नये. वैतागून बोलले. कढई करपलेली होती, हात दुखत होते. पण हवालदारांनी करवंटी खाली ठेवली. मग उठले, फडताळाशी गेले आणि डाळीचा डबा बाजूला सरकवला. वह्या कुठे आहेत हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं म्हणजे!

दुसऱ्या दिवसापासून उषा आणि ते माझ्या ओट्यावर अभ्यासाला बसायला लागले. उषाच्या वडिलांनी हरकत घेतली नाही. माणूस फौजी आहे, आणि समोर मी बसलेली आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

पण नुसत्या भातुकलीने भागलं नाही. पहिल्या दोन दिवसांत हवालदार खेळत खेळत उत्तरापर्यंत यायचे आणि शेवटच्या ओळीत त्यांची हवा शिरायचीच. मग त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. फौजेत लेखी हुकूम आला की मन मानो न मानो, पाळायचा. तर इथेही प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर हुकूम लिहायचा. रोज वही उघडली की ते ताठ बसून उषाला विचारायचे,

"आज काय काय नाही?"

उषा पुस्तकात बघून सांगायची, "हवा नाही. घर्षण नाही. दोरीला वजन नाही. दोरी ताणत पण नाही."

"कप्पीला वजन आहे?"

"कप्पीला पण नाही."

"वा रे कप्पी," असं म्हणत ते पानाच्या वरच्या बाजूला एकाखाली एक लिहायचे: हवा नाही. घर्षण नाही. खाली रेघ मारायचे, तिच्यावर सही करायचे, आणि मग गणित. त्या रेघेखाली मग हवेला मज्जाव. मधेच त्यांचा हात थबकला की उषा ओरडायची, "हुकूम, काका, हुकूम!" आणि ते वर बघून "जी साहब" म्हणायचे आणि पुढे जायचे.

गल्लीला त्या दोघांनी महिनोन्‌महिने करमणूक दिली. उतरत्या फळीचा धडा आला तेव्हा माझा पोळपाट गेला. त्याच्याखाली पुस्तकं सरकवत सरकवत, गुळाचा खडा कधी घसरतो ते बघायचं. पोळपाटाला गूळ चिकटला, तो धुवायला मी दोघांनाही लावलं. विहिरीवरच्या रहाटाला दोन बाजूंनी दोन बादल्या बांधून झाल्या. पाणी भरायला आलेल्या बायका खोळंबल्या, तर हवालदार त्यांनाच विचारायला लागले, "ताई, कौन-सी नीचे जाएगी?" एकीने तोंडाला पदर लावून सांगितलं, "काए भैया, जौन भारी हुइए." हवालदार उषाला म्हणाले, "लिही. पास झाली ही."

एका रविवारी लक्ष्मी तालाच्या काठी जाऊन दगड फेकून झाले. मीही गेले होते, महालक्ष्मीच्या दर्शनाला म्हणून, पण खरं तर बघायला. कुठल्या कोनात फेकला की दगड सगळ्यात लांब जातो, हे उषाने वहीत दोन पानं भरून काढलं होतं. हवालदारांनी तिचं मनगट धरून थोडं वर केलं. "इथे. आता सोड." दगड पार पुढे जाऊन पाण्यात पडला. उषा म्हणाली, "काका, हा तर बरोबर पंचेचाळीस आहे! तुम्हाला कसं मालूम?" ते म्हणाले, "मला नाही. दंडाला माहीत आहे." मग त्या पोरीने त्यांना तिथेच पायरीवर बसवून त्या दोन पानांचं गणित शिकवलं. त्यांना बीजगणित धड येत नव्हतं, तिला दगड फेकता येत नव्हता. दोघांचं असं चांगलं जमलं.

मी ऐंशी ओलांडली आहे. हवालदार आता नाहीत. त्यांची बायको आहे, माझ्याहून बरीच तरुण. हे लिहून झालं की तिला वाचून दाखवणार आहे. तिच्या येण्याआधीची ही हकीकत तिला धड कुणी सांगितलेली नाही. हवालदारांनी फक्त "पास झालो" एवढंच सांगितलं होतं.

एप्रिलात परीक्षा झाली. मेकॅनिक्सच्या दिवशी मी दोघांच्या हातावर दही ठेवलं. दुपारी उषा उड्या मारत परत आली. मागून हवालदार आले, आणि त्यांचा चेहरा चोरी केलेल्या माणसासारखा होता.

"गेला का पेपर?" मी विचारलं.

"नाही. पाचही सोडवले. हुकूम लिहून सोडवले."

"मग?"

उषाच ओरडली, "काका! तुम्ही काय केलं? सच बोला!"

"तोफेचा प्रश्न होता. त्यांना पाहिजे तो आकडा दिला. उत्तराखाली पुन्हा रेघ मारली." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग वेळ उरला होता. म्हणून रेघेखाली चार ओळी लिहिल्या. की प्रत्यक्षात गोळा इतका जाणार नाही, पुढे आपली माणसं असतील तर कृपया या आकड्यावर तोफ डागू नये."

उषाने कपाळावर हात मारून घेतला. मला काय काय बोलायचं होतं ते सगळं मी बोलले. मेल्या म्हटलं, हट्टी म्हटलं, त्या गावातल्या बाईने ट्रंक घासून ठेवली आहे आणि तुम्ही कागदावरची माणसं वाचवत बसलात, असंही म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "काकू, तपासणारा कोण असेल कुणास ठाऊक. नवीन पोरगा असेल. त्याला कुणीतरी सांगायला नको?"

मी ताक आणायला आत गेले.

दोन महिने वाट बघितली. झाशीचा उन्हाळा काय असतो ते इथे राहिलेल्यांनाच माहीत. दगड तापतात, भिंती तापतात, माणसं एकमेकांवर वसकन येतात. हवालदार रोज त्या रिकाम्या खोलीवरून जायचे, पण आत बघायचे नाहीत. एकदा चार ओळींमुळे पेपर रद्द करतात का, असं त्यांनी उषाला विचारलं. ती म्हणाली, "करतही असतील." ती तशीच होती. मला आवडायची.

निकाल वर्तमानपत्रात यायचा, नुसते नंबर. हवालदार पहाटेच सायकलवरून सदर बाजारला गेले आणि पेपर घेऊन आले. घडी मोडलेली नव्हती. तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

"काकू, तुम्ही बघा."

"मी? मी चौथी पास."

"नंबरच आहेत. तुम्हाला आकडे येतात."

मी चष्मा लावला. आधी उषाचा शोधला, तो सापडला. ती पायरीवर उभी होती, पण तिची नजर माझ्या बोटावरून हलली नाही. मग हवालदारांचा. त्यांचा नंबर उषाच्या खाली बराच लांब होता. मधे पुष्कळ नंबर गाळलेले होते, म्हणजे पुष्कळ मुलं गेली होती. बोट खाली सरकवत सरकवत मी तिथे पोचले. एकदा वाचला. मग त्यांच्या हातातल्या परीक्षेच्या कार्डावरचा वाचला. मग पुन्हा पेपरातला.

"आहे," मी म्हटलं.

उषाने एवढी किंकाळी फोडली की समोरची म्हातारी घाबरून बाहेर आली. हवालदारांनी पेपर घेतला, बघितला, आणि ओट्यावर बसून चपला काढल्या. मग पुन्हा घातल्या. "तार करून येतो," असं म्हणून निघाले आणि सायकल इथेच विसरून पायी गेले. मार्कशीट नंतर आली. मेकॅनिक्समध्ये पास व्हायला लागतात त्याच्या वर तीन मार्क होते. त्या चार ओळींचे कापले की दिले, ते कुणालाच कळलं नाही. उषाचं म्हणणं, कापले. प्रोफेसरचं म्हणणं, दिले असतील.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची बायको आली. टांग्यातून उतरली ती घासलेली ट्रंक घेऊन. सडसडीत, उन्हाने रापलेली बाई. मला वाकून नमस्कार केला आणि पहिलंच वाक्य बोलली, "यांना भाकरी कशी लागते हो, जाड की पातळ? मला यांनी कधी सांगितलंच नाही."

"पातळ," मी म्हटलं. "आणि तुम्हाला?"

तिने हवालदारांकडे बघितलं. ते ट्रंक उचलत होते. मग ती म्हणाली, "मला जाड."

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे एक पान कमी झालं. लग्नाला सोळा वर्षं झालेली ती दोघं तेव्हा पहिल्यांदा एका घरात सबंध वर्ष राहिली.